‘तितर’ कोणाला म्हणावं आणि ‘लावा’ कोणाला? (सिन्नर, येवला आणि पेठ इथल्या तीन पक्षीनिरीक्षकांचं बोलणं; प्रत्येकाला त्याच्या गावाच्या नावानं ओळखलं आहे.)

सिन्नर : माळावर जमिनीवरून पळणारं पाखरू जरा मोठं दिसलं की आपल्याकडे ‘तितर’ म्हणतात, लहान दिसलं की ‘लावा’. मग ‘भाट तितर’ हा तितराचाच प्रकार का? पक्ष्यांच्या नोंदवहीत काय लिहायचं?

येवला : भाट तितर हा तितरच नव्हे. त्याचं दुसरं नाव पखुर्डी, तेच लिहा, म्हणजे घोळ होणार नाही. तितर कोंबडीच्या कुळातला: पाय लांब, धोका दिसला की आधी पळतो, अगदी अंगावर आल्यावर फडफडत उडतो. पखुर्डीचे पाय आखूड, पंख टोकदार, उडणं पारव्यासारखं. सकाळी थव्यानं पाण्यावर येते. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांना पाणी नेतो. येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या माळावर दोन्ही नावं जपून वापरावीत.

पेठ : नुसतं ‘तितर’ लिहिलं तरी नोंद अर्धवटच राहते. राखी तितराचा गळा फिकट पिवळसर, त्याभोवती काळी रेघ. उडताना शेपटीच्या कडा तांबूस दिसतात. चित्तूर, म्हणजे रंगीत तितर, काळसर अंगावर पांढरे ठिपके मिरवतो आणि त्याच्या शेपटीच्या कडा काळ्या. पाखरू उडालं की पाठ बघत बसू नका, शेपटी बघा. तेवढाच क्षण मिळतो. आवाजानं तर दोघे डोळे मिटूनही ओळखता येतात. राखी ‘कतीतर-तीतर’ असं खणखणीत ओरडतो. ‘तितर’ हे नाव त्या ओरडण्यातच ऐकू येतं, संस्कृतातला ‘तित्तिरि’सुद्धा. चित्तूर पावसाळ्यात दगडावर नाहीतर बांधावर चढून करकरीत ‘चि-कि-केर्रे’ करतो.

सिन्नर : आणि लावा?

येवला : इथं चूक जास्त होते. झुडपी लावे टोळीनं राहतात. पायाजवळून एकदम भर्रकन उडून चहूकडे पांगतात. एकटंदुकटं पाखरू उडून थोड्याच अंतरावर गवतात बसलं तर दुर्लाव असू शकतो. त्याला मागचं बोट नसतं, ओल्या मातीत तीनच बोटांचा ठसा उमटतो. दिसायला लाव्यासारखा, कूळ मात्र वेगळं. मादी मोठी आणि जास्त रंगीत, अंडी उबवतो नर. म्हणून ‘रंगीत तो नर’ हा नियम दुर्लावाला लावू नका.

पेठ : पाय दिसले नाहीत तर ‘लावा किंवा दुर्लाव’ असंच लिहावं. ठसा बघायला गवत तुडवत जाऊ नये, घरटी जमिनीवरच असतात.