अमेरिकेत लहान बिलावर किती टिप ठेवता? आपले अनुभव लिहा

साठ-सत्तर डॉलरचे जेवण झाले की पंधरा ते वीस टक्क्यांचा हिशेब अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ असतो. मात्र एकट्याने डायनरमध्ये अंडी, टोस्ट आणि कॉफी घेतली आणि बिल नऊ डॉलर झाले, तर वीस टक्के म्हणजे जेमतेम एक डॉलर ऐंशी सेंट होतात. तेवढ्या वेळात वेटरने पुनःपुन्हा कप भरलेला असतो, बशा उचललेल्या असतात आणि टेबलही पुसायचे असते. बिल निम्मे झाले म्हणून वाढणाऱ्याचे काम निम्मे होत नाही, त्यामुळे लहान बिलाला टक्केवारी लावूच नये, असे माझे ठाम मत आहे. बसून खाल्ले, तर मी तीन डॉलरपेक्षा कमी ठेवत नाही. आपण किती ठेवता आणि तो आकडा कसा ठरवला, हे कृपया सविस्तर लिहावे.

टेक्सासमध्ये वेट्रेस म्हणून काम केलेली वाचक:
कॉलेजच्या वर्षांत मी सकाळच्या पाळीत काम करत असे. संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख वेतन म्हणून ताशी केवळ 2.13 डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. टेक्सासमध्ये तोच लागू आहे. टिप धरूनही 7.25 डॉलरचे किमान वेतन भरले नाही, तर उरलेली रक्कम मालकाने द्यायची असते. पण हा हिशेब संपूर्ण आठवड्याचा होतो, त्यामुळे मंगळवारच्या रिकाम्या सकाळची तूट शनिवारच्या गर्दीत भरून निघते आणि मालकाला काहीच द्यावे लागत नाही. शिवाय आमच्याकडे टेबले आवरणाऱ्या मुलांचा वाटा आमच्या एकूण विक्रीवर ठरत असे. म्हणजे नऊ डॉलरच्या बिलावर कोणी काहीच ठेवले नाही, तरी त्या विक्रीवरचा वाटा मला माझ्या टिपेतून द्यावाच लागे. सकाळची गिऱ्हाइके बहुतेक एकेकटी आणि लहान बिलाची असत. त्यांच्यातला जो नेमाने तीन डॉलर ठेवी, त्याचे मोल मला मोठ्या टेबलाइतकेच वाटे.

सिएटलजवळ राहणारे वाचक:
आमच्या वॉशिंग्टन राज्यात, तसेच कॅलिफोर्निया, ओरेगन आणि मिनेसोटा येथे, टिप किमान वेतनात वळती करता येत नाही. वेटरला राज्याचे पूर्ण किमान वेतन मिळते. म्हणून वरच्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनही माझा आकडा थोडा कमी आहे. मी पंधरा टक्के धरतो, मात्र रक्कम दोन डॉलरच्या खाली जाऊ देत नाही. इथले घरभाडे पाहता पूर्ण वेतनातही भागत नाही, हे मला दिसते.

एमएस करणारी विद्यार्थिनी:
माझे महिन्याचे पैसे मोजके असतात, म्हणून मी बाहेर बसून क्वचितच खाते. काउंटरवर स्वतः उभे राहून सँडविच घेतले आणि पडद्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्क्यांचे पर्याय आले, तर मी टिप न देण्याचा पर्याय निवडते. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण टेबलावर कोणी वाढणार असेल, तर टिपेचे दोन-तीन डॉलर धरूनच परवडते का ते पाहावे आणि नसेल परवडत तर पार्सल घ्यावे, असे मला वाटते.

मुलीकडे राहायला आलेले निवृत्त वाचक:
आम्ही तीन-चार समवयस्क सकाळी फिरून झाले की एका कॉफीवर तासभर बोलत बसतो. बिल किरकोळ असते, पण तेवढा वेळ ते टेबल दुसऱ्या कोणाला मिळत नाही आणि तिथे वाढणाऱ्या मुलीची कमाई तिच्या टेबलांवरच अवलंबून असते. म्हणून आम्ही बिल न पाहता माणशी दोन डॉलर ठेवतो.

रोख टिप देणारे वाचक:
लहान रक्कम मी शक्यतो रोखच ठेवतो, कारण अनेक राज्यांत कार्डावरच्या टिपेतून तिच्या प्रमाणात कार्ड कंपनीचे शुल्क कापून घेण्याची मालकाला मुभा आहे. मालकाने किंवा मॅनेजरने कामगारांची टिप स्वतःकडे ठेवण्यास मात्र 2018 पासून संघराज्याच्या कायद्याने स्पष्ट मनाई आहे.

न्यू जर्सीतील वाचक:
बुफेला आम्ही माणशी दोन डॉलर ठेवतो, कारण वाढून आपण घेतले तरी पाणी आणि ताटे कोणीतरी सांभाळतच असते. कूपनाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. एकावर एक फुकट मिळून बिल बारा डॉलरवर आले, तरी वेटरने दोन ताटे आणलेली असतात. तेव्हा टिप सवलतीपूर्वीच्या चोवीस डॉलरवर धरावी.