बीफच्या पाकिटावरचे ‘बॉर्न, रेअर्ड, स्लॉटर्ड, कट’: मराठीत काय लिहावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी आयर्लंडमध्ये मांसप्रक्रियेच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. हल्ली परमिटवर भारतातून बरीच मुलं येतात. आमच्या पाळीत चौघे मराठी आहेत: दोघे सोलापूरकडचे, एक परभणीचा, एक मालवणी. लेबलांच्या टेबलापाशी त्यांच्यासाठी पानभर मराठी सूचना चिकटवायच्या आहेत. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं, तीन दिवस झाले.

पाकिटावर छापावंच लागतं ते असं. बॉर्न इन, रेअर्ड इन, स्लॉटर्ड इन, कट इन, प्रत्येकापुढे देश. शेवटच्या दोन्हींपुढे त्या त्या जागेचा परवाना क्रमांक. शिवाय एक संदर्भ क्रमांक, ज्यावरून मांसाचा माग जनावरापर्यंत किंवा जनावरांच्या गटापर्यंत लावता येतो. जन्म, पालन, कत्तल तिन्ही एकाच देशातलं असेल तर त्या तिघांऐवजी ‘ओरिजिन: आयर्लंड’ एवढं चालतं.

मी लिहिलं होतं: जन्म देश, पालन देश, कत्तल देश, कापणी देश, आणि ओरिजिनला ‘मूळ देश’. सोलापूरच्या पोरानं वाचलं आणि म्हणाला, “ताई, कापलं म्हंजे कापलंच की. दोनदा कशाला लिवलंय?” ‘कापणी’वरून त्याला ज्वारी आठवली ती वेगळीच. सुचवा काहीतरी.

बांधावरची बोर:
पोराचं बरोबर आहे. आपल्याकडे बोकड कापतात आणि मटणही कापतात. जीव जाण्याला आणि तुकडे होण्याला एकच क्रियापद, कारण दोन्ही एकाच माणसानं, एकाच झाडाखाली, तासाभरात केलेलं असतं. तुमच्याकडे मधे दोनशे किलोमीटर आणि दोन परवाने आले, म्हणून शब्द अपुरा पडला.

आमच्या भागात (माण तालुका) बोकड ‘पाडतात’, मग सोलतात, मग ठोकळ्यावर सत्तुरानं तुकडे करतात आणि शेवटी वाटे घालतात. ‘पाडले’ आणि ‘तुकडे केले’ असं लिहा. घोटाळा होणार नाही.

नियमावली:
‘पाडले’ गोड आहे, पण मालवणी मुलाला आंबे पाडल्यासारखं वाटेल. सरकारी मराठीत ‘कत्तल’च आहे, कत्तलखाना हा शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे. ‘वध’ नको, त्याला पुराणाचा वास येतो.

रानजाई:
@नियमावली, ‘कत्तल’ला दंगलीचा वास येतो त्याचं काय? :)

नियमावली:
येतो. पण ‘कत्तलखाना’ म्हणताना येत नाही. म्हणून क्रियापद टाळून जागा लिहा: ‘कत्तलखाना: आयर्लंड, क्रमांक अमुक’. क्रमांक तसाही जागेचाच असतो ना?

पेठेतला पाहुणा:
माझा आक्षेप ‘मूळ देश’ला आहे. मूळ म्हणजे जिथे रुजलं ते. एखाद्याला ‘मूळचे कुठले?’ विचारलं की तो आजोबांचं गाव सांगतो, मग स्वतः तिथे एक रात्र राहिलेला नसला तरी. नुसतं ‘कुठले?’ विचारलं तर उत्तर बदलतं. माझी आजी कऱ्हाडात जन्मली, नागपुरात नांदली, शेवटची पंचवीस वर्षं ठाण्यात. ती कुठली? उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून असायचं.

गाईगुरांच्या बाबतीत हाच प्रश्न देशोदेशीच्या कायद्यांनी सोडवलाय, आणि प्रत्येकाचं उत्तर निराळं आहे. जपानात जनावर ज्या देशात सर्वांत जास्त काळ वाढलं तो त्याचा देश. वासरू जिवंत आयात केलं आणि पुढचा जास्त काळ जपानी गोठ्यात काढला, तर मांस ‘कोकुसान’ म्हणजे देशी म्हणून विकता येतं. म्हणजे सासर जिंकलं. ‘वाग्यू’ हा शब्द वेगळा. तो जातकुळीचा आहे आणि तिथे जन्मही जपानातलाच लागतो. दोन्ही शब्द शेजारशेजारच्या पाकिटांवर असतात आणि पाहुण्यांची हमखास फसगत होते.

अमेरिकेनं २०१३ मध्ये तुमच्यासारखंच जन्म-वाढ-कत्तल वेगवेगळं छापायला लावलं होतं. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत भांडले. त्यांची वासरं सीमा ओलांडून अमेरिकेत पोसायला जात, आणि लेबलासाठी कळप वेगळे ठेवायचा खर्च नको म्हणून तिकडचे कारखाने ती घेईनात. संघटनेनं दोघांना मिळून वर्षाला शंभर कोटी डॉलरहून जास्त जशास तसे शुल्क लावायची मुभा दिली आणि डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेनं बीफ आणि डुकराच्या मांसापुरता तो नियमच काढून टाकला. त्यानंतर गंमत बघा: परदेशातून आलेलं मांस अमेरिकेत नुसतं कापून पुन्हा पाकिटात भरलं तरी त्यावर ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ लिहायला आडकाठी नव्हती. जिथे शेवटचा सत्तूर चालला ते गाव! १ जानेवारी २०२६ पासून ते बंद. आता हे शब्द वापरायचे तर जन्मापासून प्रक्रियेपर्यंत सगळं तिथलंच हवं.

तेव्हा ‘मूळ’ लिहाल तर फक्त जन्म समजला जाईल. ‘कुठलं: आयर्लंड’ लिहा. हसू नका, ‘कुठलं’मध्ये सगळं मावतं.

बांधावरची बोर:
‘रेअर्ड’ला ‘पालन’ नको, ते मधमाश्यांचं वाटतं. जनावर पोसतात. आणि ‘बॉर्न’ला आमच्याकडे ‘घरचं’ म्हणतात. बैल घरचा म्हणजे आपल्या गाईचा, आपल्या दावणीला जन्मलेला, नाहीतर बाजाराचा. अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर पोसायला दिलेल्या कालवडीचं तर विचारूच नका, जन्म एकाचा, वैरण दुसऱ्याची, आणि वासराच्या वाटणीवरून भांडण तिसऱ्या पिढीत. तुमच्या पाकिटावर ते सगळं चार ओळींत येतं याचं कौतुक आहे.

रानजाई:
अर्धल इथेही आहे असं म्हणा! इथली दुधाच्या गोठ्यांतली काही आठवड्यांची वासरं बोटीनं नेदरलंड्स, स्पेनला जातात. त्यांच्या मांसावर ‘जन्म: आयर्लंड, पोसले: नेदरलंड्स’ असंच येतं.

मासळीबाजार:
मुळात ‘बीफ’ला काय लिहिणार आहात? ‘गोमांस’?

नियमावली:
इथे जपून. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याची बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, म्हशी-रेड्यांचं चालतं. त्यामुळे मुंबईतल्या हॉटेलाच्या पाटीवरचं ‘बीफ’ म्हणजे म्हशीचं. निर्यातीलाही म्हशीचंच बिनहाडाचं मांस चालतं, आणि अमेरिकी कृषी खातं त्याची मोजदाद ‘बीफ’मध्येच करतं. ‘भारत बीफ निर्यातीत पुढे’ हे वाचून दरवर्षी जो गदारोळ होतो तो निम्मा या एका शब्दामुळे.

‘आयात’सुद्धा सरळ नाही. परदेशातून गोमांस आणायला बंदीच आहे. पण राज्याबाहेर कत्तल झालेलं मांस जवळ बाळगणं हाही २०१५ च्या दुरुस्तीत गुन्हा होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये रद्द केलं. म्हणजे कुठे कापलं हा प्रश्न आपल्याकडेही कोर्टात गेलेला आहे, फक्त लेबलासाठी नाही.

मासळीबाजार:
बाजारात कोणी ‘गोमांस’ म्हणत नाही हो. ‘मोठ्याचं’ म्हणतात. मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, म्हणजे चान्या, ज्यांच्या घरी होतात त्यांना विचारा, त्यांच्याकडे प्रत्येक भागाला नाव आहे.

संपादक मंडळ:
खाण्या-न खाण्यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. चर्चा शब्दांची आहे.

चहाटळ:
खिम्याचं काय? तो तर दहा जनावरांचा एकत्र.

रानजाई:
खिम्याला सूट आहे. जन्म आणि पालन लिहावं लागत नाही. कत्तल कुठे आणि खिमा कुठे केला ते लिहायचं, शिवाय त्या देशाबाहेरचं मांस असेल तर तेही. ‘खिमा केला: आयर्लंड’ असं लिहिलंय, त्यावर चौघांपैकी कोणीच काही विचारलं नाही. युरोपबाहेरून आलेल्या मांसाची सगळी माहिती नसेल तर ‘युरोपीय संघाबाहेरचे’ आणि कत्तलीचा देश, एवढ्यावर भागतं.

तारखेचा एक घोळ राहिलाय. ‘यूज बाय’ आणि ‘बेस्ट बिफोर’, दोन्हींना मी ‘मुदत’ लिहून बसले होते.

बांधावरची बोर:
बेस्ट बिफोर उलटलं की शिळं. यूज बाय उलटलं की नासलं. पोरांना एवढंच सांगा. शिळं खाऊन आपण सगळे वाढलोय, नासलेलं कोणी खात नाही.

रानजाई:
हे घेतलं! आज चिकटवलेला कागद असा:

जन्म: …
पोसले: …
कत्तलखाना: … (क्रमांक)
तुकडे केले: … (क्रमांक)
पहिले तीन देश एकच असतील तर त्यांच्याऐवजी ‘कुठलं: …’
दोन क्रमांकांची अदलाबदल झाली तर पेटी थांबवा, मला हाक मारा.

‘पाडले’ मनातून आवडलं होतं, पण परभणीच्या मुलानं विचारलं, “कुणाला, निवडणुकीत?”

पेठेतला पाहुणा:
‘कुठलं’ राहिलं का शेवटी?

रानजाई:
राहिलं. मालवणी मुलानं तेवढं पेनानं खोडून ‘खयचा’ केलंय. मी तसंच ठेवलं.