बाबांची शुगरची गोळी एकदम स्वस्त झाली, पेटंट संपलं म्हणजे नक्की काय संपलं?

राजारामपुरीची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबांना चार वर्षं झाली एम्पाग्लिफ्लोझिन 10 एमजी चालू आहे. आधी दहा गोळ्यांच्या पाकिटाला 600च्या आसपास जायचे, महिन्याला तीन पाकिटं, पेन्शनमधनं सगळ्यात मोठं बिल हेच. आता मेडिकलवाले काका म्हणाले पेटंट संपलंय, दुसऱ्या कंपनीची घ्या, कंटेंट तोच आहे, आणि पाकीट 100च्या आत दिलं. आई म्हणते एवढी स्वस्त म्हणजे डुप्लिकेटच असणार, तिनं ते फ्रीजवर तसंच ठेवलंय आणि बाबा जुन्या उरलेल्या गोळ्या पुरवून पुरवून एक दिवसाआड खायला लागलेत, हे मला काल कळलं, तेव्हापासून जिवाला चैन नाही. गोळीत काही बदललंय का? कुणी नीट समजावून सांगाल का.

शाहूपुरी_मेडिकल:
ताई, पहिलं काम म्हणजे एक दिवसाआड खाणं थांबवायला लावा आणि आजच डॉक्टरांना फोन करा, बाकी सगळं नंतर. डुप्लिकेट आणि जेनेरिक ह्यात लई फरक हाय. डुप्लिकेट म्हणजे चोरीचा माल. ही कंपनी लायसन घेऊन उघड बनवते, पाकिटावर लायसन नंबर, बॅच नंबर, तारीख सगळं बघा आणि पक्कं बिल मागून घ्या. भारतातलं पेटंट, म्हणजे एकट्यानं बनवायचा-विकायचा हक्क, 11 मार्च 2025ला संपलं आणि त्याच आठवड्यात आमच्या काउंटरवर कितीतरी ब्रँड येऊन पडले. लोक विचारतात एवढ्या लगेच कसे बनले, तर कायद्यानं पेटंट चालू असतानाही मंजुरीसाठी लागणाऱ्या चाचण्या करून ठेवता येतात, फक्त विकता येत नाही.

कागलकर_केमिस्ट:
मी पुण्यात औषधांच्या प्रोसेस डेव्हलपमेंटला, म्हणजे प्रयोगशाळेतली कृती कारखान्यात बसवायच्या कामाला, अकरा वर्षं काढली, त्यामुळं जरा लांब लिहितो. पेटंट ब्रँडच्या नावावर नसतं, ते असतं क्लेमवर, म्हणजे नेमकं काय आमचं ह्या लेखी दाव्यावर. कागदावर एक रचना काढलेली असते, एका बाजूला साखरेचं कडं, त्याला जोडून बेंझिनची दोन कडी, आणि कडेनं आर1, आर2 अशी मोकळी अक्षरं, की इथं ह्यातलं काहीही बसवा, ते आमचंच. एका चित्रात हजारो रेणू बसतात, आणि खरी भांडणं तिथंच लागतात. ह्याच घराण्यातल्या डॅपाग्लिफ्लोझिनचं बघा, मोकळ्या अक्षरांचं पेटंट 2 ऑक्टोबर 2020ला संपलं, नेमक्या रेणूचं मे 2023पर्यंत होतं. मूळ कंपनी म्हणाली दुसरं चालू आहे, थांबा. पण एकाच गोळीनं दोन्ही पेटंटं मोडली असा तिचाच दावा होता, म्हणजे ती गोळी पहिल्यातच आली होती की! दिल्ली हायकोर्टानं 2020ला आणि परत 2021ला मनाई हुकूम नाकारला. डॅपात टोकाला इथॉक्सी नावाचा अणूंचा छोटा गट आहे, एम्पात त्या जागी ऑक्सिजनवालं पाच अणूंचं छोटं कडं, बाकी सांगाडा तोच.

आणि एक, पेटंट संपलं तरी तो कागद शिकवत राहतो. 20 वर्षांच्या हक्काच्या बदल्यात कृती उघडी करावी लागते. आमच्याकडं फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या काचेला पेटंटची प्रिंट चिकटवलेली असायची, ॲसिडच्या डागांनी पिवळी पडलेली, आणि मार्जिनमध्ये तीन-चार जणांच्या अक्षरात आकडे. कृती ग्रॅममध्ये असते, ह्या रसायनात उणे 70च्या आसपास लिथियमवाली पायरी येते, फ्लास्कमध्ये ते जमतं पण मोठ्या रिॲक्टरला तेवढं गार ठेवणं म्हणजे खरी परीक्षा. ह्या सगळ्याचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे बरं का, 1835ला त्यातनं फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं होतं. ते आतड्यातच तुटायचं कारण साखर ऑक्सिजननं जोडलेली, मग रसायनशास्त्रज्ञांनी ती सरळ कार्बनला जोडली आणि रेणू टिकला. तुमच्या बाबांच्या पाकिटात, जुन्या काय नि नव्या काय, तोच रेणू आहे.

एमएस्सी_विद्यानगर:
सर पण कंपन्या नवीन सॉल्ट, नवीन क्रिस्टल दाखवून परत वर्षं वाढवून घेतात ना?

कागलकर_केमिस्ट:
प्रयत्न करतात, पण आपल्याकडं पेटंट कायद्याचं कलम 3(ड) आडवं येतं. जुन्याच रेणूचं नवं रूप असेल तर परिणाम वाढल्याचं दाखवावं लागतं. 1 एप्रिल 2013ला सुप्रीम कोर्टानं ब्लड कॅन्सरच्या इमॅटिनिबवर तेच सांगितलं. टीबीच्या बेडाक्विलिनचं तर अगदी अलीकडचं, सॉल्टवरच्या पेटंटसाठी कंपनीनं केलेल्या अर्जाला टीबीतनं उठलेल्या दोघीजणींनी हरकत घेतली, त्यातली एक आपल्या मुंबईची. मार्च 2023ला कंपनीचा अर्ज फेटाळला, जुलैत मूळ पेटंट संपलं. नाहीतर आणखी चार वर्षं पेशंटनी वाट बघायची होती. संशोधनाला पैसा लागतो हे मी नाकारत नाही, आयुष्य त्यातच गेलंय, पण त्यासाठी 20 वर्षं दिलेली आहेत.

शाहूपुरी_मेडिकल:
ताई एक राहिलं, बाबा एकादशी करत असतील तर डॉक्टरांना ते पण सांगा. ही गोळी लघवीवाटे साखर काढते, उपाशीपोटी किंवा उलट्या-जुलाब चालू असताना कधी कधी बंद ठेवायला सांगतात.

राजारामपुरीची_लेक:
करतात की, दर एकादशीला, डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं! आत्ता फोन झाला, म्हणाले नवीन पाकीट चालेल, रोज एक, उपवासाचं प्रत्यक्ष बोलू, गुरुवारी दोन्ही पाकिटं घेऊन या. आईला कागलकर दादांचं सफरचंदाच्या सालीचं वाचून दाखवलं, तिनं उठून फ्रीजवरचं पाकीट काढलं आणि चष्मा लावून बॅच नंबर वाचत बसलीय.