डिचोलीतल्या मोरडीवर द्राक्षवेल : सुरुवात कुठून करू?

मोरडीवरची:
गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वडिलोपार्जित मोरड (उतारावरची पायऱ्यांची जमीन) आहे, साधारण १,२०० चौरस मीटर. वर काजू, खालच्या दोन पायऱ्या पडीक. माती जांभी, दीड-दोन फुटांवर चिरा (जांभा दगड) लागतो. सगळ्यात खालच्या पायरीत पावसात पाणी साचतं. विहीर मेअखेरपर्यंत रोज तासभर पंप चालवू देते. शेतीचा अनुभव अजिबात नाही. नाशिकच्या बागांचे व्हिडिओ बघून एप्रिल-ऑक्टोबर छाटणीचं वेळापत्रक उतरवून घेतलंय आणि थॉमसन जातीच्या द्राक्षाची शंभर कलमं जूनमध्ये लावायचा विचार आहे. यात काय चुकतंय?

काडी-डोळा:
ताई, नाशिकचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालवलंत तर वेल जोमात वाढेल, पण घड लागणार नाहीत. खरड छाटणीनंतर (तुमच्या वेळापत्रकातली एप्रिलची छाटणी) साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात नव्या काडीच्या डोळ्यात पुढचा घड तयार होतो आणि त्याला लख्ख ऊन लागतं. एप्रिलच्या मध्यावर छाटलं तर हे दिवस मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत येतात. आपल्याकडे तेव्हा आभाळ गच्च असतं, मग घडाच्या जागी नुसती बाळी (वेलीचा ताणा) निघते.

म्हणून गोव्यात खरड छाटणी १० ते २० मार्चच्या दरम्यान उरकायची, म्हणजे घडनिर्मिती एप्रिलअखेर आणि मेच्या पूर्वार्धात होते. त्यासाठी माल मार्चच्या पहिल्या आठवड्यात उतरलेला हवा, म्हणजे फळछाटणी परतीचा पाऊस ओसरताच, २० ते ३० ऑक्टोबरला. तारखा इतक्या घट्ट असल्यामुळे १३०-१४० दिवसांहून जास्त घेणारी जात इथे नकोच.

थॉमसन विसरा. जून ते सप्टेंबर केवडा आणि करपा हे बुरशीचे रोग तिला उभी राहू देणार नाहीत. बंगळूर ब्लू ही जात करप्याला बरीच चिवट आहे, केवडा मात्र तिलाही होतो. बिया असतात, साल जाड, पण रस सुरेख. पुण्याच्या आघारकर संस्थेची एआरआय-५१६ ही दुसरी निवड. ती बुरशीला दाद देत नाही आणि छाटणीनंतर ११०-१२० दिवसांत तयार होते. आकडाही शंभर नको, वीस ठेवा. पावसाळ्यात प्रत्येक वेलीकडे आठवड्यातून दोनदा बघणं जमतं का, हे आधी वीसांवर कळू दे.

कुळागर_प्रियोळ:
तारखा बरोबर आहेत, पण ही जमीन बघता आधी पाण्याचा विचार करा. खालची पायरी सोडूनच द्या. दोन पडीक पायऱ्यांतल्या वरच्या पायरीवर येत्या जुलैत फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे वेल लावू नका.

जांभ्यात सुटा खड्डा खणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चिऱ्यात कोरलेला खड्डा म्हणजे बादलीच, पाऊस त्यात साठतो आणि मुळं कुजतात. त्याऐवजी ओळीच्या लांबीचा दोन फूट रुंद, दोन फूट खोल चर काढा, तळाचा चिरा पारईने फोडा आणि चराचं एक टोक उताराला मोकळं सोडा. वर दीड फूट उंच गादीवाफा करा. दोन ओळींत नऊ फूट, दोन वेलींत पाच फूट.

आपली माती बहुधा आम्ल असते, सामू (पीएच) पाच-साडेपाचच्या आसपास. द्राक्षाला साडेसहाच्या पुढे लागतो. माती जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या आणि डोलोमाइट (आम्लता कमी करणारी चुनखडीसारखी भुकटी) किती ते अहवालावरून ठरवा, अंदाजाने नको. लागवडीआधी दोन महिने ते मातीत मिसळा. शेणखताबरोबर एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र उडून जातो. सुपर फॉस्फेट जांभ्यात लोहाला बांधलं जातं, म्हणून वरून फेकण्याऐवजी वेलीमागे अर्धा किलो शेणखतात कालवून मुळांजवळच द्या.

जूनमध्ये लागवड अजिबात नको, कोवळं मूळ जगत नाही. ऑक्टोबरमध्ये लावा. खांबांना लाकूड वापरलंत तर वाळवी लागेल, जस्तलेपित पाइप घ्या. मंडपापेक्षा वाय आकाराचा आधार बरा, वारा खेळतो आणि पान लवकर सुकतं.

मोरडीवरची:
आभारी आहे. पावसाळ्यातली फवारणी नेमकी कशी? सुपारीवर बोर्डो मारतात तेच ना?

काडी-डोळा:
तेच. दहा लिटरला शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), शंभर ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा, चुना विरल्यावर फडक्यातून गाळा, थंड होऊ द्या. मग मोरचूदाचं पाणी बारीक धारेने चुन्यात सोडत काठीने ढवळत राहा, उलट नाही. रंग आभाळी निळा यायला हवा. आता स्वच्छ लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, पान जाळेल. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा बघा. द्रावण त्याच दिवशी संपवा. कोवळ्या फुटीवर निम्म्या ताकदीचं मारा.

पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, नंतर दर उघडिपीला, पानाच्या खालच्या बाजूनेही, कारण केवड्याची पांढरी लव तिथेच येते. मेनंतर युरिया बंद. बगलफुटी (पानांच्या बगलेतून निघणारी फूट) दर आठवड्याला खुडा, शेंडे मारा; दाट पानोळ्यात औषध आत पोचतच नाही.

कुळागर_प्रियोळ:
कलमांवर खर्च करू नका. डॉगरिजचा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ती वेल) क्षारट जमिनीसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतात. इथे त्याचा जोर नुसता पाला वाढवेल. बंगळूर ब्लू स्वतःच्या मुळांवर छान येते. मार्चच्या छाटणीत निघालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, चार डोळ्यांच्या काड्या मिळवा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्या, वरचा तिरका, म्हणजे उलटी लागत नाही. दोन डोळे मातीत, दोन वर. पिशव्यांत लावा, पावसाळाभर प्लास्टिकच्या छपराखाली ठेवा. वीस हव्या असतील तर चाळीस काड्या भरा.