मदत हवी आहे: १९३८च्या भाडेकरारातले इंग्रजी शब्द

नमस्कार. ठाण्यात चरईतली आमची जुनी दुमजली इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय. बिल्डरच्या माणसाने जुने कागद मागितले म्हणून पोटमाळ्यावरचा बिस्किटांचा डबा उतरवला. आत पणजोबांच्या नावचा भाडेकरार आणि घरमालकाच्या सॉलिसिटरचं एक टाइप केलेलं पत्र निघालं. दोन्ही १९३८ची. कागद पापडासारखा झालाय, आणि पत्राच्या शेवटच्या ओळीतला एक शब्द टाचणीच्या गंजाने पार खाल्लाय. बाकीचं वाचता येतं, कळत मात्र नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तरी ही गत.

पत्रावर १२ जुलै तारीख आहे आणि सुरुवात अशी: 'युअर फेवर ऑफ द फिफ्थ इन्स्ट. टू हँड.' आमचे काका (वय ७८, बँकेतून निवृत्त) म्हणतात, इन्स्ट. म्हणजे इन्स्टॉलमेंट. पाचवा हप्ता पोचला! म्हणजे पणजोबा जागा हप्त्यांवर विकत घेत होते. वर 'फेवर' म्हणून मालक उपकारही मानतोय. तेव्हापासून काका भाडेकरूंच्या मीटिंगला जायचे बंद झालेत. 'मी कशाला जाऊ?'

करारात जागोजागी 'डिमाइज्ड प्रिमायसेस' आहे. त्यावरून आत्या धास्तावलीय. जागा मयताची होती का, आधी शांत करून घ्यायची का? शिवाय 'मेसुएज' काय आणि घरपट्टीची 'मॉयटी' भाडेकरूने भरायची म्हणजे काय? मोबाइलला विचारलं तर तो मेसुएजचं मेसेज करून टाकतो. वकील शनिवारी भेटणार आहेत, पण त्याआधी काकांना आवरायचंय.

प्रतिसाद:
काकांना जरा जपून सांगा. इन्स्ट. म्हणजे इन्स्टंट, चालू महिना. आपल्या जुन्या कागदांत 'साल मजकूर' लिहायचे, त्याच जातीचं. पत्र १२ जुलैचं असेल तर ही ५ जुलै झाली. 'अल्ट.' दिसलं तर मागचा महिना, 'प्रॉक्स.' दिसलं तर पुढचा. तिन्ही लॅटिनमधून आलेले. आणि व्यापारी पत्रात 'फेवर' म्हणजे समोरच्याचं पत्र, उपकार वगैरे काही नाही. थोडक्यात, 'आपले ५ तारखेचे पत्र पावले.' हप्ता नाही, पावती नाही.

आत्यांना सांगा, कोणी गेलेलं नाही. डिमाइजचा मूळ अर्थ हक्क दुसऱ्याकडे देणं. करारात तो भाडेपट्ट्याने देणं असा येतो. राजा मेला की गादी पुढच्याकडे जायची, त्यालाही डिमाइजच म्हणत, आणि तिथून शब्दाला मरणाचा अर्थ चिकटला. मेसुएज (उच्चार साधारण मेस्विज) म्हणजे घर, त्याला लागून असलेल्या पडव्या-खोपट्या आणि अंगण-परसासकट. मॉयटी म्हणजे निम्मा हिस्सा. घरपट्टी अर्धी पणजोबांची, एवढंच.

धागाकर्ता:
खूप आभार! आत्या निवांत झाली. आणखी एक राहिलंच: 'क्वायट एन्जॉयमेंट' असं एक कलम आहे. घरात मोठ्याने गाणंबजावणं करायचं नाही, असं आम्ही धरून चाललोय.

प्रतिसाद:
उलट आहे. ती अट मालकावर. भाडं वेळेवर देताय, करार पाळताय, तर मालकाने तुमच्या वहिवाटीत ढवळाढवळ करायची नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८मध्येही हेच आहे. त्याच करारात 'डिटरमिनेशन ऑफ लीज' असलं तर त्याला निर्धार समजू नका. भाडेपट्टा संपणं असा त्याचा अर्थ, कलम १११ बघा. हे कलम शनिवारी वकिलांकडून नीट वाचून घ्या, तुमच्या कामाचं तेच आहे.

धागाकर्ता:
काकांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ पत्राकडे बघत बसले, मग म्हणाले, 'ठीक आहे, पण टाचणीखाली कोणता शब्द होता ते कुणी सांगितलं?' आत्ता गोखले रोडला भिंग आणायला गेलेत.