बिअर्डेड ड्रॅगन पालेभाजीला तोंड लावत नाही. आहार कसा बदलावा? मदत हवी आहे

नमस्कार,

आम्ही सिडनीत राहतो. मुलाने फार आग्रह धरल्यामुळे गेल्या वर्षी राज्याचा रीतसर परवाना काढून आम्ही बिअर्डेड ड्रॅगनचे (ऑस्ट्रेलियातला एक सरडा) दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले. त्याचे नाव मोती. आज तो १६ महिन्यांचा आहे आणि त्याचे वजन ५४० ग्रॅम झाले आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना गेल्या आठवड्यात त्याला दाखवले, कारण त्याच्या मागच्या पायांची बोटे मधूनच थरथरताना मला दिसली. तपासणीत दोन गोष्टी पुढे आल्या: अंगावर चरबी जास्त आहे आणि रक्तातील कॅल्शियम कमी आहे. त्यांनी औषध सुरू केले आहे. आहार मात्र घरी आम्हालाच सुधारायचा आहे आणि तिथेच मी अडले आहे.

पिल्लाला वाढीसाठी सुमारे ८० टक्के कीटक आणि २० टक्के पाला लागतो, तर वयात आलेल्या ड्रॅगनला याच्या जवळजवळ उलट, हे मला ठाऊक होते. पण रातकिडे दिसताच तो ज्या आनंदाने धावत येई, तो पाहून आम्ही रोज तेच देत राहिलो आणि पिल्लाचा आहार मोठ्या सरड्याला तसाच चालू राहिला. मीलवर्म नावाच्या अळ्याही बऱ्याच दिल्या, ज्यांत चरबी अधिक असते. पाला म्हणून पालक आणि लाल माठ देत होते. आपल्या घरांत याच भाज्या पौष्टिक मानल्या जातात, म्हणून मला शंकाही आली नाही. परंतु त्यांतील ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. शिवाय यूव्हीबी दिव्याची (कॅल्शियम अंगी लागण्यासाठी लागणारे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याची) नळी १४ महिने बदललेली नव्हती. उजेड पूर्वीसारखाच दिसत असला, तरी त्यातील यूव्हीबी किरण काळाबरोबर क्षीण होतात, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते जवळजवळ नसतातच. नळी आता बदलली आहे.

मोहरीचा पाला आणि बॉक चॉय ही चिनी पालेभाजी बारीक चिरून ठेवते, पण तो त्याकडे पाहतही नाही. कालपासून त्याने काहीच खाल्लेले नाही. कीटक पूर्ण बंद करावेत का? त्याला किती दिवस उपाशी राहू देणे सुरक्षित आहे? आणि आता जून, म्हणजे इथला हिवाळा, उजाडला आहे, तेव्हा ही थंडीत हे सरडे खाणे कमी करून निजतात ती सुस्ती आहे की आजार, हे कसे ओळखावे? ज्यांनी स्वतः असा बदल घडवून आणला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

ताई, त्याला उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा विचार करू नका. कॅल्शियम कमी असताना तर नाहीच. कीटक बंद न करता त्यांचे दिवस कमी करा: आठवड्यातून दोनदा, तेही पाल्यानंतर. सकाळी दिवा लागल्यावर त्याला तासभर शेकू द्या, कारण शेकण्याच्या जागी ४० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब मिळाल्याशिवाय त्याला धड भूकही लागत नाही आणि अन्नही पचत नाही. मग पाला ठेवा.

माझ्या मादीने चार आठवडे असाच हट्ट केला होता. मी चिरलेल्या पाल्यात सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या मिसळू लागलो. त्या वळवळत, ती झडप घालायची आणि अळीबरोबर पानेही तोंडात जायची. या अळ्यांत मुळातच कॅल्शियम भरपूर असते. रातकिड्यांत मात्र फॉस्फरस कितीतरी जास्त असल्यामुळे त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावीच लागते. पूड किती आणि डी३ जीवनसत्त्व असलेली की नसलेली, हे औषध चालू असेपर्यंत डॉक्टरांनाच विचारा. किसलेला लाल भोपळा आणि जास्वंदीची फवारणी न केलेली फुले वर घाला. रंगाकडे हे प्राणी लगेच ओढले जातात. अ‍ॅव्होकॅडो विषारी आहे, तो चुकूनही देऊ नका. बागेतले किडे पकडून देऊ नका.

सुस्तीबद्दल: स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला त्याचे वजन करून लिहून ठेवा. थंडीत निजणाऱ्या निरोगी ड्रॅगनचे वजन फारसे घटत नाही. मोतीचे झपाट्याने घटले किंवा थरथर वाढली, तर दिवस न दवडता डॉक्टरांकडे जा. या वर्षी दिव्याची उष्णता आणि वेळ कमी करून त्याला मुद्दाम निजवू नका.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. अळ्या आज मागवल्या आहेत आणि दारातल्या कुंडीत जास्वंद आहेच. आजचे वजन ५३६ ग्रॅम आहे. पुढच्या रविवारी पुन्हा करून इथे लिहिते.