मदत हवी आहे : मिस्सेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) न जाणाऱ्याला धर्मपिता (गॉडफादर) होता येईल का?

बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात वसईत आहे आणि धर्मपिता मीच व्हावं, असा तिचा आग्रह आहे. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालंय. पाच वर्षं मिस्सेला मात्र गेलेलो नाही. येशूवरची श्रद्धा तशीच आहे, रोज पहाटे शुभवर्तमान वाचतो. चर्चच्या कारभारात मन रमत नाही, एवढंच. पुण्यात राहतो, इथल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) नोंद नाही, म्हणून इथले फादर धर्मपिता होण्यासाठीचं पात्रतेचं पत्र देत नाहीत. धर्मपित्याच्या अटी सांगणारं चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ८७४, वाचलं. १६ वर्षं पूर्ण, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेतलेला, या अटींत बसतो. ‘साक्षीदार’ हा पर्याय कॅथलिक नसलेल्यांसाठी आहे, तो नको. खोटं बोलून पत्रही नको. त्याच कॅननमधली ‘श्रद्धेला साजेसं जीवन’ ही अट पूर्ण होते की नाही, हे नेमकं कोण ठरवतं, माझे फादर की बाप्तिस्मा देणारे?